न बनलेल्या क्रीमचं सन्मानचिन्ह

मुलुंडच्या सभागृहाबाहेर मी पत्रकं वाटत होते. रानातल्या वनस्पतींबाबतचा कायदा पाळला म्हणून आत सरकार कंपन्यांचा सत्कार करत होतं. कायदा पाळला म्हणून सत्कार. डोकं फिरलं होतं माझं.

एका कंपनीचे साहेब सन्मानचिन्ह बगलेत मारून बाहेर आले. गळ्यातलं ओळखपत्र काढत, पुन्हा घालत फाटकापाशी येरझारा घालू लागले. मग स्वतःहून पत्रक मागून घेतलं.

"चोर म्हटलंयस आम्हाला."

"मग काय म्हणू, काका?"

"अगं, एका आदिवासी पाड्याच्या रानातल्या कंदाचं क्रीम करायचं होतं. कायद्याप्रमाणे परवानगी मागायला गेलो, पाडा नाही म्हणाला. आम्ही क्रीम बनवलंच नाही. त्याबद्दल मिळालंय हे."

"मग पाड्यातलं कुणी आत का नाही?"

"बोलावलं होतं ना. म्हणाले, 'नाही' आम्ही म्हटलं, मग सत्कार तुमचा कसा?"

एवढं बोलून ते रिक्षा शोधत निघून गेले. नाव विचारायचं राहिलं.

नव्या पत्रकात मी 'चोर' खोडला आणि पाड्याचा तो प्रश्न मोठ्या अक्षरांत छापला. तरी चैन पडत नाही. तो प्रश्न माझ्यापर्यंत आणला त्या साहेबांनीच.