पिवळ्या ट्रेलरचा जोड

रस्त्याच्या कामावर महिनोन्‌महिने राहणारे इंजिनियर चाकांवरचं घर घ्यायला घाटकोपरच्या शेडांमध्ये येत. जीपमागे ओढायचा ट्रेलर, आत दोन बाकं, स्टोव्हपुरता ओटा. घेण्याआधी ते कुंडलिकला दाखवत. तीस वर्षं वेल्डिंग करून त्याचे डोळे गेल्यात जमा होते, बोटं मात्र शाबूत होती. छपरावर पाणी ओतायला लावून तो दार बंद करून आत बसे. जमिनीच्या कोपऱ्यांत टाच दाबून बघे. रंगाखालचा प्रत्येक जोड नखाने चाचपी.

शहाऐंशीच्या मार्चमध्ये बोलावणं आलं ते नेमकं त्याचा मुलगा सहदेव वेल्डर म्हणून लागला होता त्या शेडमधून. द्रौपदीने सकाळपासून नवऱ्याचं डोकं खाल्लं.

"पोराच्या पोटावर येईल असं काही बोलू नका."

"मी कुठं बोलतो?"

तिचं समाधान झालं नाही. सहदेवचा डबा द्यायचं निमित्त करून तीही मागोमाग गेली.

घेणाऱ्या अनुपमाबाईंच्या कडेवर दीड वर्षाची मुलगी होती. नवऱ्याचं काम कोकणातल्या घाटात. "काका, नीट बघा हो. हिला घेऊन राहायचंय."

पिवळ्या ट्रेलरचं छप्पर गळलं नाही. जमीन घट्ट होती. शेडचा शेठ हसत म्हणाला, "म्हातारबा, लग्न ठरवताय का ट्रेलरचं?"

"लग्नात कोण एवढं बघतं," कुंडलिक म्हणाला आणि जीपला जोडायच्या दांड्यापाशी उकिडवा बसला.

त्याचं बोट एका जागी थांबलं. त्याने नाण्याने रंग खरवडला, तशी पुट्टीची खपली पडली. खाली नख जाईल एवढी फट होती. फटीच्या दोन्ही कडांना बारीक, तिरक्या लहरींचे वेल्डिंगचे टाके होते. ते कसे घालायचे, हे त्यानेच सहदेवला हात धरून शिकवलं होतं. सहदेव मान खाली घालून उभा होता.

चहा आला. कुंडलिकची रीत सगळ्यांना ठाऊक होती. माल पसंत पडला तर तो चहा घेई, नाही तर मुकाट्याने चपला घालून निघे. शेठने पेला सहदेवच्या हातात दिला. "बापाला तू दे."

घ्या, द्रौपदी मनात म्हणत राहिली. मुलगी आईच्या खांद्यावर काहीतरी बडबडली. कुंडलिकने तिकडे तोंड वळवलं, मग पायाने चपला चाचपल्या.

शनिवारी सहदेवला काढून टाकलं.

"सगळा जोड भरू नको, चारच टाके मार, म्हणून शेठनेच सांगितलं होतं," तो आईला म्हणाला. "नाही म्हटलं असतं तर तेव्हाच घरी बसलो असतो. सांग तुझ्या नवऱ्याला."

कुंडलिक तिथेच बसला होता. "हात कुणाचे होते, विचार त्याला."

अनुपमाबाईंची पोर आठवली की द्रौपदीला नवऱ्याचं पटे. सहदेव भिंतीकडे तोंड करून पडलेला दिसला की पटेनासं होई.

आता सहदेव मुलुंडला गोदामात पेट्या उचलतो. बाप जेवून उठेपर्यंत बाहेर ओट्यावर बसून राहतो. द्रौपदी भाजी दोनदा गरम करते.