मोबाइलच्या कपाळी टिळा

आमच्या शनवारा मोहल्ल्यात इंटरनेट आलं आणि मी दिसेनाशी झाले.

यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात समोरासमोर बोलायला भिंतीखेरीज कुणी नव्हतं. तेव्हा बंगळुरूहून मंदारने, माझ्या मुलाने, मोबाइल पाठवला. "आई, आता दर रविवारी तू मला दिसणार!" मला रडूच आलं. त्यातून दसरा. घरात आलेली नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची? मी हळद-कुंकू कालवलं आणि मोबाइलच्या कपाळी, वरच्या कडेला बरोब्बर मधोमध, ठसठशीत टिळा लावला!

(कॅमेरा नेमका तिथेच असतो. मी शाळेत जन्मभर भारताचा नकाशा शिकवला, मोबाइलचा नव्हे.)

रविवारी इरकल नेसून बसले. मंदार लख्ख दिसला. वाळला होता.

"आई, कुठायस तू? नुसतं लाल दिसतंय!"

"अरे, समोरच बसलेय!"

कोपऱ्यात मलाही एक लाल चौकोन दिसत होता. मला वाटलं, फोन चालू असल्याचा दिवा!

शेजारचे निंबाभाऊ म्हणाले, "बाई, इकडे नेट कमजोर आहे ना! गच्चीवर चाला, एकदम फुल येईल." गच्ची झाली. पुढच्या रविवारी राजघाट झाला! तापीच्या पायऱ्यांवर मी दोन्ही हातांनी फोन उंच धरलेला, आणि धुणं धुणारी बाई विचारतेय, "बाई, आज कौनसी पूजा है?"

मंदार तास तासभर सांगत बसे, हे दाब, ते बंद कर. शेवटी म्हणाला, "काच पुसून बघ."

"पुसली."

पुसली होती, टिळा तेवढा सोडून! पूजेचं कुंकू कोण पुसतं? माझं एकदा पुसलं गेलं, तेवढं पुरे.

दिवाळीआधीच तो रजा टाकून धावत आला. फोन बघितला, माझ्याकडे बघितलं, खिशातून रुमाल काढला. "आई गं!" म्हणाला आणि हसत सुटला. दोन दिवस मावा-जिलबी खाऊन परत गेला.

आता मी स्वच्छ दिसते. "दिसतेस हं आई. बरी आहेस ना? ठेवू?" तीन मिनिटांत माझा रविवार संपतो. बिघाड होता तेव्हा पोरगं तासभर माझं होतं.

आज पुन्हा दसरा. निंबाभाऊंनी आधीच बजावलंय, "बाई, औंदा टिळा पाठीला लावा." जन्मभर पोरांना 'पाटी पुसा' म्हणून ओरडणारी मी, कुंकू कालवून बसलेय. यंदा जरा घट्टच!