पाचव्या पुस्तकाची धास्ती

नोरीन लिंडनर वजनकाट्यावर बसायची तेव्हापासून मी तिला ओळखतो. सुगीच्या दिवसांत आमच्या सायलोबाहेर, म्हणजे धान्याच्या उंच कोठारांबाहेर, गव्हाच्या ट्रकांची रांग लागते ती थेट फुटबॉलच्या मैदानापर्यंत. डिसेंबरचं ऊन, कारण आमच्याकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा, माशा आणि दोन-दोन तास खोळंबलेले ड्रायव्हर. काट्याच्या खिडकीतून नोरीनचे दोन हात बाहेर यायचे, एकात वजनाची चिठ्ठी आणि दुसऱ्यात पुस्तक. "हे पहिलं. दुसरं पुढच्या खेपेला," एवढं बोलून ती काच सरकवून घ्यायची.

साध्यासुध्या कादंबऱ्या तिला चालायच्या नाहीत. ड्रॅगन हवेत, जादूगार हवेत, नाहीतर ताऱ्यांवर निघालेली जहाजं हवीत, आणि तेही एका पुस्तकात आटोपता कामा नये. बिल नावाचा एक ड्रायव्हर ड्रॅगनांच्या मालिकेत इतका बुडाला होता की एकदा वजन करून गहू न उतरवताच घरी निघून गेला. बायकोनं विचारलं तेव्हा ट्रककडे बघून म्हणाला, "अरेच्चा, हे राहिलंच."

मी सातवीपर्यंत शिकलो, तेही एकशिक्षकी शाळेत. आमच्या मास्तरांचा घोडा आम्हा पोरांपेक्षा शहाणा होता, घंटा झाली की तो स्वतःहून फाटकाशी जाऊन उभा राहायचा. त्या घोड्याच्या गोष्टी पुन्हा कधीतरी. सांगायचं काय, तर पन्नाशीपर्यंत मी एकही पुस्तक वाचलं नव्हतं. नोरीननं मला एका जहाजाची नऊ पुस्तकं दिली. चारशे वर्षं प्रवास, माणसं त्यातच जन्मतात, त्यातच मरतात. मी म्हटलं, "मला का?" तर म्हणे, "आर्ची, तुझ्यासारखंच आहे. कुठे पोचत नाही, पण थांबतही नाही."

निवृत्त झाल्यावर तिनं बुधवारची बैठक सुरू केली. आमच्या गावाचं वाचनालय शाळेच्याच इमारतीत आहे. दहा वाजता पोरं वर्गात गेली की आम्ही म्हातारी मंडळी गोल बसतो, चहा आणि बिस्किटं, आणि एकेकानं सांगायचं, सध्या काय वाचतोय. नियम एकच. पुढे काय होतं ते सांगायचं नाही. जो सांगेल त्यानं पुढच्या बुधवारी केक करून आणायचा. नियम नोरीनचा आणि पहाराही तिचाच. बोलता बोलता कोणी "आणि मग शेवटी" एवढं म्हणालं तरी ती चमचा कपावर वाजवायची. मी आजवर अकरा केक आणलेत.

आता रॉसचं सांगतो. रॉस पास्को, शेवंडी, म्हणजे समुद्रातले मोठे झिंगे, पकडणारा. त्याचा मुलगा केन एकोणिसाव्या वर्षी बोटीवरून लाटेनं नेला. बोट रॉसचीच होती, सुकाणूवरही रॉसच होता. सात दिवस शोधलं, आम्ही सगळेच किनारे तुडवत फिरलो. काही सापडलं नाही. त्याला आता आठ वर्षं झाली. केनचे रबरी बूट मागच्या दारापाशी होते, ते तिथेच राहिले, टाचा भिंतीला आणि तोंडं बाहेर. रॉस दर शनिवारी ते पुसायचा. त्याची बायको ग्लेनिस त्यांना वळसा घालून कपडे वाळत घालायला जायची. सात वर्षं वळसा.

गेल्या उन्हाळ्यात नोरीननं रॉसला पहिलं पुस्तक दिलं. सात पुस्तकांची मालिका. समुद्र आटलाय, उरलाय तो मिठाचा पांढरा माळ, आणि त्यावर चाकांची, शिडांची जहाजं पळतायत. शाळा सोडल्यावर रॉसनं पुस्तक हातात धरलं नव्हतं. पहिल्याला त्याला दोन महिने लागले आणि दुसऱ्याला तीन आठवडे. बैठकीला यायला लागला, टोपी मांडीवर ठेवून शेवटच्या खुर्चीत बसायचा. त्याची पाळी आली की म्हणायचा, "शिडाच्या दोऱ्या बरोबर लिहिल्यात त्यानं." एवढंच. पण इस्टरच्या शनिवारी त्यानं बूट पुसले, उचलले आणि शेडमध्ये फळीवर नेऊन ठेवले. ग्लेनिसनं हे नोरीनला दुकानाच्या दारात हळू आवाजात सांगितलं आणि दोघी तिथेच पावाच्या पिशव्या धरून उभ्या राहिल्या.

म्हणून तो बुधवार माझ्या लक्षात आहे. रॉस आदल्या दिवशीच तिसरं पुस्तक घेऊन समुद्रावर गेला होता, चार दिवसांसाठी. ते पुस्तक त्यानं नोरीनकडून नाही, वाचनालयाच्या खिडकीवर बसणाऱ्या शाळेतल्या मुलीकडून घेतलं होतं. बैठकीत एव्हिस बोलत होती. एव्हिस म्हणजे गावच्या शाळेतल्या जुन्या गणिताच्या बाई, ती तीच मालिका वाचत होती, रॉसच्या जरा पुढे.

"तिसऱ्यात कप्तानाचा धाकटा मुलगा जहाजावरून मिठाच्या वादळात नाहीसा होतो," ती म्हणाली. "हे सांगितलं तर चालतं ना, पुस्तकाच्या पाठीवरच छापलंय. पण प्रेत सापडत नाही. आणि असल्या मालिकेत प्रेत सापडलं नाही की समजायचं, स्वारी परत येणार. मी पैजेवर सांगते."

सगळे हसले. चमचा वाजला नाही. मी नोरीनकडे पाहिलं तर तिच्या हातातलं बिस्किट चहात विरघळून गेलं होतं.

बाहेर आल्यावर तिनं माझी बाही धरली. "आर्ची, मी काय करून बसले."

"अगं, हरवणं तर रॉसला तोंडपाठ आहे," मी म्हटलं. "पुस्तकातलं हरवणं त्याला काय करणार आहे?"

"हरवण्याची नाही भीती. पाचव्यात तो पोरगा परत येतो रे. जिवंत. दारात उभा राहतो." तिनं माझी बाही सोडली. "मी वाचलं तेव्हा केन शाळेत जात होता. इतक्या वर्षांनी मला चाकं आठवली, शिडं आठवली, मीठ आठवलं. हेच नाही आठवलं. रॉसनं बूट आत्ता कुठे उचललेत."

मग मलाही कळलं. हरवलेलं पोर पुस्तकात परत येतं हे वाचून बाप पुन्हा दाराकडे बघत बसला, तर ती आठ वर्षं नव्यानं सुरू.

माझ्या शेडमध्ये बोटीचा जुना रेडिओ आहे. चार वाजता सगळ्या बोटी हवामानासाठी कान लावून असतात. नोरीन साडेतीनलाच येऊन डब्यावर बसली. रॉसचा आवाज आला तशी तिनं बटण दाबलं.

"रॉस, मी नोरीन. पुस्तक कुठवर आलं?"

खरखर झाली. "अर्धं. का गं? मुदत संपली का?"

"नाही. म्हणजे, जरा थांब. पुढे वाचू नकोस. मी तुला सांगणार होते की पुढे..."

तेवढ्यात दुसरा आवाज घुसला. "ए नोरीन, सांगू नकोस हं. मी दुसऱ्यावर आहे."

"मीही," तिसरा म्हणाला. "सगळा किनारा ऐकतोय, बाई."

"केक आणावा लागेल," चौथा. हा कोण होता ते आजवर कळलं नाही, पण आवाज तोंडात घास असल्यासारखा होता.

अर्ध्या ताफ्याला तिनंच ती मालिका लावली होती. नोरीननं बटण सोडलं. रॉसचा आवाज पुन्हा आला, "बोटीवरचा जोडीदार वाचून दाखवतोय संध्याकाळी, शेवंडीचे पिंजरे टाकून झाले की. बरं आहे." मग नुसती खरखर.

"बरं आहे म्हणाला," मी म्हटलं.

"अर्ध्यावर आहे म्हणून," ती म्हणाली.

गुरुवारी तिनं पाचवं पुस्तक वाचनालयातून स्वतःच्या नावावर काढून घरी नेलं आणि पिठाच्या डब्यामागे ठेवलं. मी म्हटलं, अगं, फोनवर मागवलं तर शेजारच्या गावातून दोन दिवसांत येतं. तिनं डबा भिंतीकडे आणखी सारला. शुक्रवारी नैऋत्येचा वारा सुटला. ती तीनदा धक्क्यावर जाऊन आली. तीन वेळा मीच नेलं माझ्या पिकअपमधून, आणि तिन्ही वेळा माझ्या कुत्र्याला मागे बसावं लागलं म्हणून तो अजून तिच्यावर रुसलेला आहे. वाटेत ती घोकत होती. आधी हे म्हणायचं, मग ते म्हणायचं. मध्येच म्हणे, "नाहीच सांगितलं तर? चौथ्यात कंटाळून सोडेल कदाचित." मी म्हटलं, "तू दिलेलं आजवर कोणी सोडलंय?" तिला आयुष्यात कुणी दिलेली ही सर्वांत मोठी शाबासकी असेल, पण तिचा चेहरा आणखी पडला.

शनिवारी सकाळी बोट आली. शेवंडी उतरवून झाल्या, पाणी मारून झालं. रॉस धक्क्यावर चढला तो पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून काखेत मारूनच. आम्हाला बघून थांबला.

"संपलं," तो म्हणाला. "चौथं आहे का?"

नोरीननं घोकलेलं सगळं विसरून सरळ सांगून टाकलं. "रॉस, पाचव्यात तो पोरगा परत येतो. जिवंत. माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. राहिलं असतं तर मी तुला ही मालिका दिली नसती."

त्यानं पिशवीची गाठ सोडली, पुन्हा बांधली. सीगल पक्षी आमच्या पायांशी माशांची आतडी ओढत होते.

"जोडीदार म्हणालाच होता," शेवटी तो म्हणाला. "प्रेत नाही म्हणजे येणार. मी त्याला म्हटलं, असं नसतं." पिशवी त्यानं नोरीनच्या हातात दिली. "चौथं दे. पाचव्याचं बघू."

ते 'बघू' नोरीनला पुढचे दोन महिने पुरलं. दर मंगळवारी ती मला पास्कोंच्या मागच्या दाराशी पाठवायची. एकदा ड्रिल मागायला, एकदा शिडी, एकदा मिरच्यांचं रोप द्यायला. दारापाशी बूट पुन्हा दिसतात का, एवढंच बघायचं. तिसऱ्या खेपेला ग्लेनिस म्हणाली, "आर्ची, शेडमध्ये आहेत. नोरीनला सांग. आणि माझी शिडी आण." हे मी नोरीनला सांगितलं, तरी पुढच्या मंगळवारी तिनं मला किसणी आणायला पाठवलंच.

ऑगस्टच्या एका बुधवारी पाळी फिरत फिरत शेवटच्या खुर्चीपाशी आली. रॉसनं टोपी मांडीवर फिरवली. "पाचवं," तो म्हणाला.

नोरीन ताठ झाली. पिठाच्या डब्यामागचं पुस्तक तिच्याच घरी होतं. त्यानं शेजारच्या गावातून मागवलं होतं, फोन करून.

"पोरगा येतो," रॉस म्हणाला. खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि पैज जिंकूनही एव्हिसनं तिचा विषय काढला नाही. "वाळलेला असतो. आई ओळखते, बापाला वेळ लागतो. मी ते पान परत वाचलं. मग ग्लेनिसला वाचून दाखवलं." तो खिडकीबाहेर मैदानाकडे बघत होता. "आमचा नाही येणार. ते मला धक्क्यावरही माहीत होतं, नोरीन. पण कुणाचा तरी आला. चांगलं लिहिलंय."

मग त्यानं केनबद्दल सांगितलं. आठ वर्षांत पहिल्यांदा. केनला मासे आवडत नसत, कोळ्याचं पोर आणि घरी नुसते सॉसेज खायचा. आम्ही हसलो, तोही हसला. चमच्याची आठवण कुणालाच राहिली नाही. राहिली ती एव्हिसला, निघताना. गणिताच्या बाई त्या.

"पुढचं सांगितलंस, रॉस," ती म्हणाली. "केक."

"धक्क्यावर नोरीननंही सांगितलं होतं. आर्ची साक्षीला आहे."

पुढच्या बुधवारी दोन केक होते. रॉसचा मधून खचलेला होता, आणि तोच आधी संपला. नोरीन आता एकही मालिका शेवटच्या पानापर्यंत पुन्हा वाचल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाही, त्यामुळे मी गेले पाच महिने एका पुस्तकाची वाट बघतोय. विचारलं की म्हणते, "थांब, आर्ची. अजून चार भाग आहेत. त्यात एक म्हातारा आहे, आधी त्याचं काय होतं ते बघू दे."