गिऱ्हाईकाचा हात

पेठ गावात माझ्या शेजारी एक मेंढपाळ राहतो. मेंढी लोकरीमुळे फुगलेली दिसते, म्हणून तो नुसत्या दिसण्यावर जात नाही. विकत घेताना लोकरीत हात खुपसून पाठीचा कणा चाचपतो आणि मगच किंमत बोलतो.

पोटाच्या कॅन्सरने त्याच्या मांड्या वाळून गेल्या. डॉक्टर म्हणाले, अंगावरचं मांस असंच झडत राहिलं तर पुढची केमो झेपणार नाही. त्यांनी प्रोटीनची पावडर दिली. तिच्या वासानेच त्याला मळमळतं. तरी आजारी कोकराला पाजावं तसा तो गालात पेला ओततो आणि स्वतःलाच दटावतो, "गिळ गुमान!"

काल त्याने मला ओसरीवर बोलावलं.

"आक्का, माझी पाठ चाचपून बघ. घरची समदी विकणाऱ्यावानी बोलत्यात, लई सुधारलाय म्हणून. तू गिऱ्हाईकावानी सांग."

मी सदऱ्याखालून हात फिरवला. मणका न् मणका बोटांना लागला. गोड बोलणं मला जमत नाही.

"भाऊ, नुसती हाडं हायेत. बाजारात असतास तर मी घेतला नसता."

तो खो खो हसला. "म्हंजे अजून पाजाया पायजे."

त्याने पेला कालवला, प्यायला आणि अंगणाच्या कडेला जाऊन सगळा ओकला. मी म्हटलं, "आता पुरे कर."

त्याने चूळ भरली, परत येऊन डबा उघडला आणि दुसरा पेला कालवायला घेतला.

"कोकरू थुकलं म्हून कोण पाजायचं सोडतं व्हय, आक्का?"

पेला रिकामा होईस्तोवर मी तिथून हलले नाही.