आबांचा साकव

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मध्यस्थानं माझ्या वडिलांना सांगितलं, "मुलाचे वडील पुढारी आहेत." माझे वडील रेल्वेत होते, आम्ही लोणावळ्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेलो. पुढारी म्हणजे पांढरी गाडी आणि मागे फिरणारी माणसं, एवढंच आम्हाला ठाऊक. कान्हे स्टेशनवर उतरून घर बघायला गेलो, तर पुढारी ओढ्यात म्हैस धूत होते. आम्हाला पाहून म्हणाले, "बसा वाईच. हिचं आटपतो, मंग बोलू."

तेच माझे सासरे. सगळा भाग त्यांना आबा म्हणतो.

आमचं घर बौद्धांचं. घरानं धम्म स्वीकारला तेव्हा आबा तळेगावला नातेवाइकांकडे राहून शिकत होते. पुढे जिल्हा परिषदा नव्या नव्या निघाल्या आणि आबा आमच्या भागातून उभे राहिले. समोर गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकरी घरातले भाऊ. आबा निवडून आले, याचं खुद्द आबांनाच जास्त आश्चर्य वाटलं होतं.

त्यांनी लोकांना एकच गोष्ट कबूल केली होती, ओढ्यावर साकव, म्हणजे पायी जाण्यापुरता छोटा पूल, बांधायची. पावसाळ्यात ओढा भरला की मास्तर पलीकडे अडकायचे आणि शाळा बंद पडायची. मंजुरी मिळवायला आबांनी पुण्याला हेलपाटे घातले. ती मिळाली, पण साकवाचं पलीकडचं टोक येत होतं नेमकं भाऊंच्या भाताच्या खाचरात.

तो प्रसंग आबांनी मला भाताची लावणी चालू असताना बांधावर बसून सांगितला होता.

"गेलो भाऊच्या दारात. त्यानं बस म्हटलं न्हाई, मी बसलो न्हाई. आतनं कपात चा आला. कप निराळा, कान तुटलेला. आमच्यासाठी ठेवलेला असायचा तसला. मी म्हटलं, चा नको, जागा द्या."

"मग?"

"भाऊ म्हनला, जागा दिऊन मला काय मिळंल? मी म्हटलं, तुमची लेक पावसाळाभर घरी बसती. साळा चालू ऱ्हायली तर ती शिकंल. ती उंबऱ्यात उभी ऱ्हाऊन आयकत व्हती. त्यानं एकडाव तिच्याकडं बघितलं आन् म्हनला, उद्या मोजून घ्या."

साकवाचं काम सुरू झालं आणि निवडणूक आली. या वेळी आबा पडले, भाऊ निवडून आले. काम पुरं झालं तेव्हा कठड्यावरच्या दगडी पाटीवर नाव लागलं ते भाऊंचं.

आबा चिडले, पण भांडले नाहीत. त्यांनी साकवावर पाय ठेवायचा नाही असं ठरवलं. सगळं गाव वरून जायचं आणि आबा धोतर वर खोचून खालच्या पाण्यातून. लोक वरून हाका मारायचे, हे मान वर करायचे नाहीत. असं वर्षभर चाललं. शेवटी एकदा दोघं बाजाराहून येताना सासूबाई काठावर थांबल्या. डोक्यावर गाठोडं होतं. म्हणाल्या, "तुमी पान्यातनं या सावकाश. मी वरनं चालले, आन् घरी जाऊन जेवून घेते." आबा थोडा वेळ उभे राहिले आणि त्यांच्या मागोमाग साकवावर चढले. हे सांगताना सासूबाई इतक्या हसायच्या की पुढचं शेजारणीला पुरं करावं लागायचं.

त्यानंतर आबा कुठल्याच निवडणुकीला उभे राहिले नाहीत. पण माणसं यायची थांबली नाहीत. कुणाचा दाखला अडलेला, कुणाचा बांधावरून वाद. आबा टोपी घालायचे आणि त्याच्याबरोबर ओढ्यापलीकडून एसटी धरून वडगावला तालुका कचेरीत जायचे. मी लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स होते. संध्याकाळी लोकलनं घरी यावं तर ओट्यावर दोघंतिघं बसलेलेच असायचे. चहा टाकताना मी कधीकधी वैतागायचे, पण ओटा रिकामा दिसला तर चुकल्यासारखंही वाटायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वी कळलं, साकव पाडून तिथं मोठा पूल होणार. आबांना हे कसं सांगायचं, या विचारात आम्ही नवरा-बायकोनं चार दिवस काढले. मग एका सकाळी मीच धीर करून सांगितलं. आबा लसूण सोलत होते.

"पाडतायत व्हय? लवकर पाडा म्हनावं. एसटी येत न्हाई त्याच्यावरनं."

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाईट कशाचं? कठडे हलाया लागलेत. पोरं बसत्यात त्याच्यावर, मला घोर लागतो."

पूल झाला. भाऊंचा नातू आता गावचा कारभार बघतो, तो आमंत्रण घेऊन आला. "आबा, नारळ तुमच्या हातनं फोडायचा."

"नारळ मी फोडत न्हाई. फीत कापीन. तुझ्या आज्याला बोलावलं का?"

"ते म्हणाले, आबा येणार असतील तर येतो."

त्या दिवशी दोघा म्हाताऱ्यांना प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसवलं. भाऊंना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं बोलणं मागच्या रांगेपर्यंत पोचत होतं.

"आबा, त्या पाटीवर तुझं नाव पायजे व्हतं. मला कळत व्हतं तवाबी."

आबांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "जागा तुझी व्हती की. न्हाई दिली असती तर मी काय केलं असतं?"

भाऊंनी आबांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि भाषणं संपेपर्यंत तो तसाच राहू दिला. फीत दोघांनी मिळून कापली. घरी आल्यावर आबा दोन घास जास्त जेवले आणि दुपारभर झोपले.

आता एसटी थेट गावात येते. वयामुळे आबांना तिकीट लागत नाही, त्यामुळे दाढी करायलासुद्धा ते कामशेतला जातात. कंडक्टरशी त्यांची ओळख झाली आहे. परवा तो दारात येऊन विचारत होता, त्याच्या बदलीच्या अर्जाचं कुणाशी बोलावं? आबांनी त्याला ओट्यावर बसवलं, आणि मी चहा टाकला.