सुईडन संगीत मंडळ

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या बुवा, मध्येच कुणी खिदळलं की माझा चहा नरड्यात अडकतो. घोटाळे सगळ्यांच्याच हातून होतात. पण माझ्या हातून जो झाला त्यात एका पोरीचा जीव पणाला लागला होता. आणि कशापायी? एका अक्षरापायी!

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. मी नगरच्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी एक गोरा पाद्री राहायचा. नगरात पाद्री काय कमी होते? पण हा स्वीडनचा, आणि गाण्याचा वेडा. लढाई पेटण्याआधी तो मायदेशी निघाला आणि जाताना आपला चावीचा ग्रामोफोन, नऊ तबकड्या आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या गळ्यात घालून गेला. पुस्तकात काय, तर त्याच्या देशातल्या झाडून सगळ्या नामांकित गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा इतिहास.

ते मी तीनदा वाचलं आणि कामातून गेलो. काय एकेक माणसं हो! एक राजदरबारातला वादक, त्याला तिथल्या संगीताचा जनकच म्हणतात. दुसरा गुत्त्यात बसून गाणी रचायचा आणि राजा त्याच्यावर खूश! तिसऱ्यानं सिंफन्या लिहिल्या, पण कुत्रं विचारेना, म्हणून त्यानं हाडं सरळ करायचा दवाखाना काढला आणि पुढे काचेचा कारखाना सांभाळला. आणि एक बाई तर अशी गायची की सगळा युरोप तिला कोकिळा म्हणायचा. नावं सांगत नाही, तुम्ही उच्चारांची वाट लावाल.

पण हे ऐकणार कोण? शिक्षकांच्या खोलीत मी तोंड उघडलं की माणसं घंटा व्हायच्या आत तासावर जायची. हेडमास्तरांना मी कोकिळेची गोष्ट सांगत होतो, तर ते मध्येच म्हणाले, "तुमची तब्येत बरी आहे ना?" एवढं ज्ञान पोटात घेऊन नगरात जगायचं म्हणजे काय यातना असतात, तुम्हाला नाही कळायचं.

शेवटी मी मंडळ काढलं. सभासद मी. बायको भाजी निवडता निवडता ऐकायची म्हणून तिला अर्धी धरत होतो. आणि मंडळ म्हटलं की दारावर पाटी नको?

बायको म्हणाली, "अहो, सरळ स्वीडन लिहा ना. पेपरात तसंच येतं."

"पेपरवाल्यांना काय कळतंय? स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे, व्ही नाही! डब्ल्यूचा शुद्ध उच्चार उ. सुईडन!"

"लोक सुईण वाचतील."

"वाचू देत. अडाणी वाचतील."

काय अवदसा आठवली होती मला!

पेंटरनं 'सुईडन' एवढं वीतभर अक्षरांत काढलं आणि मग जागाच उरली नाही म्हणून 'संगीत मंडळ' खाली मुंग्यांएवढं कोंबलं. दसऱ्याला बायकोनं दाराला तोरण बांधलं. त्याचं एक आंब्याचं पान वाळून, वळून, नेमकं 'ड'वर येऊन बसलं. आणि आमच्या दोन घरं पुढे कोण राहायचं? सगुणाबाई. दवाखान्यात शिकलेल्या, अख्ख्या नगरात नावाजलेल्या सुईण!

तुम्हाला कळलं ना आता पुढे काय होणार? मला कळलं नाही.

दिवाळीची सुट्टी. बायको चकल्या पाडायला सगुणाबाईंकडेच गेलेली. दहाच्या सुमारास दारात एक फेटेवाला गृहस्थ उभा. धुळीनं माखलेला, धापा टाकतोय. मान वर करून पाटी वाचतोय.

"सुईन हितंच का जी?"

हा खेडूत ड खातोय, मी मनात म्हटलं. पण माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं हो. "इथेच! या, या, बसा. कुठून आलात?"

"तिसगावास्नं. गेनूभाऊ म्हनत्यात मला. बसायला येळ न्हाई. सुईनीसाठीच आलोय. आमच्या गावात हुती एक, पर ती लेकीकडं मिरजगावला गेलीया."

मी खुर्चीतून उठलोच. "तिसगावात होती? कधीपासून करते?"

"चाळीस वर्सं झाली की."

"चाळीस वर्षं! शिकली कुठे?"

"सासूकडनं."

म्हणजे घराणं! तिसगावात स्वीडिश संगीताचं घराणं, आणि मला पत्ता नाही! मत्सरानं माझी लाही लाही झाली.

गेनूभाऊ म्हणाले, "पहाटधरनं कळा चालू हायेत."

"कला म्हणा, कला. पहाटेपासून चालू आहेत? वा! आणि इथे नगरात बघा, कलेचा दुष्काळ!"

ते जरा बावरले. "तुमच्यात बाईमानूस न्हाई व्हय?"

"आहे की! पण ती शंभर वर्षांपूर्वीची."

"मंग ऱ्हाऊ द्या, तुमीच चला. सरकारी दवाखान्यात डागदर बाप्येच असत्यात. किती येळ लागंल?"

"एकदा सुरू झालं की दोन तास. तुमच्याकडे पहिलीच वेळ ना?"

"व्हय, पयलीच."

"पहिल्या वेळी जरा जड जातं. मग सवय होते. बायका जमल्यात का?"

"समद्या जमल्यात. बाप्ये भाईर बसवलेत."

"छे, छे! बाप्यांनाही आत बसवा. पुढे बसवा, म्हणजे नीट दिसेल."

गेनूभाऊंनी माझ्याकडे असं काही बघितलं की काय सांगू! मला वाटलं आदरानं बघतायत. मी ग्रामोफोनची पेटी उचलली. म्हटलं, "सुया नव्याच आणल्यात."

"टोचाव्या लागत्याल?"

"टोचायच्या नाहीत हो. अलगद टेकवायच्या. आणि गरम पाणी तयार ठेवा, मला लागतं." घशासाठी म्हणत होतो मी! पण ते ऐकून त्या माणसाचा जीव भांड्यात पडला. म्हणाले, "मंग बरोबर मानूस गावला."

घरातल्या दगडी पाटीवर बायकोसाठी लिहून ठेवलं: 'तिसगावला सुईडनसाठी जातो. त्यांच्याकडे पहिलीच वेळ आहे. बायका खोळंबल्या आहेत.' आणि निघालो.

पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशाच्या भट्टीवर चालणारी सर्व्हिस मोटार. करंजीच्या घाटात ती दोनदा बसली. ड्रायव्हर भट्टी ढोसत होता आणि गेनूभाऊ रस्त्यात उभे राहून देवाला हात जोडत होते, डोळ्यांत पाणी. मी मनात म्हटलं, धन्य आहे! कलेची एवढी ओढ! मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "काळजी करू नका. उशीर झाला तर दोन-चार जण गाळू." पुस्तकातल्या गाणाऱ्यांबद्दल म्हणत होतो मी! माझी जीभ झडली कशी नाही हो तेव्हा?

तिसगावात पोचलो. अंगणात लिंबाखाली तीस-चाळीस माणसं, ओसरीवर बायका. मी गेलो तशी सगळी उठून उभी राहिली. कुणी पायावर पाणी घातलं. ओसरीच्या टोकाला खोलीच्या दाराला लुगड्याचा पडदा लावलेला. पडदासुद्धा! मी त्या पडद्याला लांबूनच नमस्कार केला.

पेटी उघडली. सुई बसवली. घसा साफ करून सुरुवात केली, "बंधुभगिनींनो, सुईडन म्हणजे..."

पडद्यामागून किंकाळी!

"कृपया शांतता राखा," मी म्हणालो.

पुन्हा किंकाळी, आधीपेक्षा मोठी.

मला राग आला. वर्गात इतकी वर्षं काढलेला माणूस मी. "जिला ऐकायचं नसेल तिनं खुशाल बाहेर जावं!"

पडदा सरकला आणि गेनूभाऊंच्या कारभारीण पारूबाई कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "आवं, लेकरू भाईर यायचं तर तुमी माझ्या चंदीलाच भाईर काढताय व्हय? आत या की! हितं उभं ऱ्हाऊन भाषान काय ठोकताय?"

"लेकरू? कुणाचं लेकरू?"

आणि मग एकेक शब्द माझ्या टाळक्यात उलटा फिरायला लागला. पहिलीच वेळ. गरम पाणी. कळा! अरे देवा, कळा!

"मी सुईण नाही हो!" मी ओरडलो. "मी सुईडन!"

"व्हय, सुईनच म्हनतोय की आमी!"

"सुईन नाही! डन! डन! देश आहे तो!"

गेनूभाऊ मटकन खाली बसले. एवढा धिप्पाड माणूस! मग हळूच म्हणाले, "मास्तर, एकुलती एक लेक हाय वो माझी. तुमी म्हनला हितंच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नगर मागे राहिलं पंचवीस मैलांवर, मोटार पुढे पाथर्डीला निघून गेलेली. आणि मी उभा, डोक्यात दोन-अडीचशे वर्षांचं स्वीडिश संगीत घेऊन! एकेकाला आठवून पाहिलं हो मी. दरबारातला आठवला, गुत्त्यातला आठवला, काचवाला आठवला. त्यातल्या त्यात हाच जवळचा वाटला, हाडं तरी सरळ करायचा. पण एकालाही, एकालाही बाळंतपण येत नव्हतं! पुस्तक एवढं जाडजूड, आणि त्या पोरीच्या उपयोगाचं एक अक्षर नाही. तिथल्या तिथे जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पारूबाईच पहिल्या सावरल्या. म्हणाल्या, "त्या पेटीत काय हाय?"

"गाणं."

"लावा मंग. भेकून भेकून पोर घाबरलीया. तिचं ध्यान तरी लागंल कुटं."

मी चावी दिली. तबकडीवरची बाई आधी खालच्या सुरात गायली आणि मग चढत चढत, चढत चढत जी वर गेली, की लिंबावरचे कावळे उडाले. पडद्यामागे सगळं चिडीचूप.

मग आतून बारीक आवाज आला, "आये, ही कोन गं?"

"परमुलखातली हाय बाई."

"हिला तर माझ्यापरीस लई दुखतंय गं!"

आणि चंदी हसली. खरंच हसली हो! ओसरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. गेनूभाऊंनी डोळे पुसले. आतून हुकूम आला, "आनखी लावा."

मी नऊच्या नऊ तबकड्या लावल्या. परत पहिल्यापासून लावल्या. चावी फिरवून फिरवून दंड भरून आले. कळ आली की चंदी त्या बाईच्या सुरात सूर मिसळून ओरडायची, आणि मी रडत रडत सुया बदलत होतो.

तासाभरानं रस्त्यावर मालमोटारीचा भोंगा वाजला. केबिनमधून आधी सगुणाबाई उतरल्या, त्यांच्यामागून आमचं कुटुंब, हातात माझी दगडी पाटी. पाटी वाचताच घोटाळा ओळखून, चकल्या टाकून, भेटेल त्या गाडीत बसून दोघी आल्या होत्या. सगुणाबाईंनी हात धुतले, पदर खोचला आणि आत शिरताना एवढंच म्हणाल्या, "मास्तर, चावी देत राहा."

बायको नुसती ती पाटी माझ्यापुढे धरून उभी राहिली. मी माझंच अक्षर वाचलं. 'बायका खोळंबल्या आहेत.'

दिवेलागणीच्या आत पोर जन्मली. ठणठणीत! आई सुखरूप, बाळ सुखरूप. त्या पोरीचा पहिला टाहो ऐकला आणि मी लिंबाला टेकून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो. त्यापुढे नऊच्या नऊ तबकड्या फिक्या.

सकाळी आम्ही निघालो तर गेनूभाऊंनी अडवलं. "मास्तर, काल तुमाला काय सांगायचं हुतं, ते ऱ्हायलंच की! येवढ्या लांब आलाय. मोटारीला येळ हाय. सांगा आता."

आणि तुम्हाला खोटं वाटेल, अख्खा गाव जमला हो! म्हातारेकोतारे, बायाबापड्या, सगळे. मी दोन तास बोललो. कोणी उठलं नाही, कोणी जांभई दिली नाही. दरबारातला सांगितला, गुत्त्यातला सांगितला, हाडवाला सांगितला, कोकिळा सांगितली. जन्माचं सार्थक झालं असं वाटलं. शेवटी म्हणालो, "कुणाला काही शंका?"

एक आजोबा काठी टेकत उठले. "त्यो हाडं सरळ करनारा कुटं ऱ्हातो? माझा खांदा उतरलाय."

तो वारला, असं सांगून मी त्यांना बसवलं. मग गेनूभाऊ उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "मास्तरांनी लई झ्याक सांगितलं. राजाच्या वाड्यावरली सुईन, दारूच्या गुत्त्यातली सुईन, काचकारखान्यातली सुईन, समद्या समजल्या. पर एक गोष्ट ध्यानात येईना. येवढ्या सुईनींत बाईमानूस एकच कसं वो?"

मी बायकोकडे बघितलं. ती पदरात तोंड घालून गदगदा हलत होती, आणि शेजारी सगुणाबाई गंभीरपणे मान डोलावत होत्या.

घरी आल्यावर बायकोनं तोरण सोडलं नाही, की पाटीही उतरवली नाही. खालचं 'संगीत मंडळ' तेवढं रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, आणि त्या जागी एक ठसठशीत बाण काढून लिहिलं: 'दोन घरं पुढे.'

त्या बाणानं आजवर किती माणसं सगुणाबाईंच्या दारात नेऊन पोचवली, त्याला गणती नाही. आणि सुईडनसाठी? सुईडनसाठी म्हणून माझ्या दारात जन्मात एकच माणूस आला, गेनूभाऊ. आणि तोही सुईण शोधत!