सैल पिळाची दोरी

कोसा नावाच्या रानवेलाची साल सोलायची आणि तिचे धागे मांडीवर वळायचे, यात म्बुयाचं अर्धं आयुष्य गेलं. उजव्या मांडीची कातडी घासून घासून चकचकीत झाली होती. आमच्या वस्तीत तिच्यासारखी दोरी कुणाची नव्हती. आणि अशा बाईला जावई मिळाला एलेंगा!

रिवाजाप्रमाणे तो सासरी राहून शिकारीचं जाळं विणत होता. सासूनं जावयाशी थेट बोलायचं नसतं. म्हणून तो हाताच्या अंतरावर बसलेला असला तरी म्बुया लेकीलाच म्हणायची, "कोती, विचार तुझ्या नवऱ्याला, ही दोरी आहे की शेवाळ?"

कोती सांगायची, "आई म्हणते, जरा पीळ दे."

"जरा? मी जरा म्हणाले?"

सगळ्यांची जाळी एकमेकांना जोडून आम्ही तीनदा रान वेढलं. तिन्ही वेळा हरीण नेमकं एलेंगाचं जाळं तोडून पळालं. लोक हसले. घरी येऊन म्बुयानं तिन्ही वेळा त्याच्या जाळ्याच्या सगळ्या गाठी सोडवल्या.

शेवटी ती स्वतःच त्याला वेल दाखवायला निघाली. कोती आणि शेजारी म्हणून मी बरोबर होतो. "जून नको, कोवळा तोड," हा निरोप कोतीच्या तोंडून त्याच्यापर्यंत पोहोचेतो त्यानं भलताच जाड वेल ओढून कापला, कोयता सटकला आणि तळव्यात घुसला.

"हात वर धर, मूर्खा!" म्बुया थेट त्याच्यावरच ओरडली. कापलेल्या वेलातून लाल चीक गळत होता. तो तिनं जखमेवर थेंब थेंब सोडला, तळवा घट्ट दाबून धरला. रक्त थांबलं तसं तिला भान आलं. तिनं पटकन तोंड फिरवलं. "कोती, सांग त्याला, हात ओला करू नको म्हणावं."

जखम भरली, पण दोन बोटं आखडली ती आखडलीच. त्याचं दोरी वळणं संपलं. मग उरलेलं जाळं म्बुयानंच चिडत, पुटपुटत पुरं केलं.

पहिल्याच शिकारीत त्यात हरीण अडकलं. "एलेंगा, शिकलास की रे!" लोक म्हणाले. तो खुशीत हसला, नाही म्हणाला नाही.

हरणाची मांडी सासूच्या वाट्याला आली. म्बुयानं ती खाल्ली, हाडं कुत्र्याकडे फेकली आणि मला म्हणाली, "तू तरी खरं बोलायचं होतंस."

मी काय बोलणार? वस्तीत जाळं कुणीही विणो, ते जावयाचंच म्हणतात.